थोरलीवर लक्ष

रविवार, २ मार्च

काल मालकांनी आम्हा शिवणखात्यातल्या बायकांना व्याख्यान ऐकवलं, तेही जेवणाच्या सुट्टीत. कामाच्या वेळेत कसं ऐकवतील? मशिनी थांबल्या असत्या ना! विषय काय, तर वेळेचं नियोजन. आमची जेवणाची वेळ खाऊन आम्हालाच वेळेचं नियोजन शिकवलं. धन्य आहे.

व्याख्यान द्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, एक ध्येय ठरवा, त्याची तारीख ठरवा, रोजचा एक तास त्यासाठी राखून ठेवा, आणि ज्याला जाब द्यावा लागेल असं एक माणूस शोधा. बाईंना घरी स्वयंपाकाला माणूस असणार, हे त्यांच्या नखांवरून कळत होतं. शेवटी प्रत्येकीला एकेक डायरी दिली. फुकटची मिळाली आहे तर सोडायची कशाला, म्हणून लिहिते आहे.

तर ध्येय. आमचे कटिंग मास्तर महिनाअखेरीस निवृत्त होतायत. त्यांच्या टेबलाशी पुढे कोण उभं राहणार याची परीक्षा शनिवारी, २९ तारखेला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दुसऱ्याने कापलेलं शिवते आहे. कापणाऱ्याने वाकडं कापायचं, मी ओढून-ताणून सरळ करायचं, आणि शाबासकी त्याला. बस्स झालं. आता कापणार मी.

परीक्षा मास्तरांच्या पद्धतीची आहे. घरचं एक माणूस ठरवायचं. परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याच्या मापाचं जाकीट कापायचं, दुपारपर्यंत शिवायचं, आणि मग सगळ्यांसमोर त्याच्या अंगावर चढवायचं. मध्ये एकदाही घालून बघायचं नाही. पहिल्या खेपेला बसलं तर टेबल तुमचं, नाहीतर घरी जा.

जाब द्यायला माणूस म्हणून आधी यांना विचारलं. हे लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणाले, "मला नको मध्ये घालूस. मी दिवसभर वर-खाली करून दमलेला असतो." हसले स्वतःच. मला अजिबात हसू आलं नाही.

मग थोरली जाऊ पुढे झाली. आमचं एकच घर, एकच स्वयंपाकघर. मोठे भाऊजी लांबच्या ट्रकवर असतात, महिन्यातले चार दिवस घरी. थोरली एका वाहनतळाच्या फाटकाशी काचेच्या खोलीत बसून पावत्या फाडते. बसून बसून तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलंय, आधी वजन उतरवा, मगच गुडघ्याचं ऑपरेशन. ते काही उतरत नाही. म्हणाली, "तू मला धर, मी तुला धरते. संध्याकाळचं स्वयंपाकघर माझ्याकडे, तू आत बसून कापत बस. मी रोज कामावरून येताना बागेला दोन फेऱ्या मारीन. दर रविवारी काट्यावर मला तू उभी कर."

मी म्हटलं, "ताई, मी सोडणार नाही हां. मागाहून रडायचं नाही."

"सोडू नकोस," म्हणाली. "म्हणून तर तुला सांगते आहे."

लगेच तिची मापं घेतली. जाकीट तिच्याच मापाचं करायचं ठरलं. अंगाने भरलेलं माणूस घेतलं की कापणाऱ्याची खरी परीक्षा होते. काडीसारख्या माणसाचं काय, कुणीही कापेल.

बुधवार, ५ मार्च

तास! म्हणे एक तास. सात वाजता दार लोटून वर्तमानपत्र पसरलं आणि खडूने पाठीची रेघ ओढली, तोच यांचा आवाज. "माझा चष्मा पाहिलास का?" चष्मा कपाळावर. मग लेक आली, तिला भूगोलातली नदी सापडेना. मग शेजारीण, तिची परकराची नाडी ओवून हवी. नाडी! मी माणसाचं आयुष्य बदलायला बसले आहे आणि हिला नाडी ओवून हवी.

शेवटी थोरलीच हातात उलथणं घेऊन दाराशी उभी राहिली. "आत कुणी जायचं नाही. घराला आग लागली तरी आधी मला सांगायचं." शेजारीण नाडी घेऊन परत गेली. हे पण गप्प झाले.

पण मग तीच दोनदा डोकावली. "झालं का गं? मुंढा जमला का?" अहो, जमेल कसा, तुम्ही विचारत राहिलात तर! मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ती गोलाई. तो चुकला की अख्खं जाकीट चुकलं. माझा दर वेळी चुकतोय, आणि का ते कळत नाही. संताप होतो नुसता.

रविवार, ९ मार्च

थोरलीला काट्यावर उभं केलं. जवळजवळ दोन किलो उतरलं! लेकीने टाळ्या वाजवल्या. ह्यांनी म्हटलं, "वहिनी, आता पळायच्या शर्यतीत जाताय की काय?" थोरली लाजली. मीही शाबास म्हटलं.

पण मला एक कळेना. लेक परवा शिकवणीहून येताना बागेवरून आली. म्हणाली, मोठी आई बाकावर बसली होती. काल परत तेच, मोठी आई बाकावर, डोळे मिटून. म्हणजे फेऱ्या मारतच नाही! बाकावर बसून वजन उतरत असतं तर त्या बागेतले सगळे म्हातारे एव्हाना वाऱ्याने उडून गेले असते.

विचारलं तर म्हणाली, "एक फेरी झाली की दम लागतो गं. बसते जरा."

माझ्या तासाला मी "दम लागतो" म्हणाले तर चालेल का? मी इथे दिवसभर मशीन मारून येऊन रोज उभी राहते. माझ्या पायांत काय रबर भरलंय? पण नाही, कौतुक तिचं. माझा मुंढा अजून तसाच.

बुधवार, १२ मार्च

नवीन थेर. पाणी. थोरली सकाळपासून पाणी पिते आहे. जेवताना तांब्या तिच्याच बाजूला. तो संपला की उठून दुसरा. कामावर जाताना मोठी बाटली नेते, ती रिकामी होऊन येते. ही कुणीतरी शिकवलेली युक्ती असणार, पाण्याने पोट भरायचं म्हणजे भूक लागत नाही आणि काटा खाली जातो. वजन उतरवायचं तर चाला! घाम गाळा! पाणी पिऊन कुणाचं भलं झालंय?

लेक तक्रार घेऊन आली. "आई, मोठी आई माझ्या शाळेच्या बाटलीतलं पण पिते." मी म्हटलं, तुझी बाटली भरून दप्तरात ठेवत जा. एवढंसं पोरगं आणि त्याला पाणी लपवून ठेवायला सांगावं लागतंय, काय म्हणावं या घराला.

आज तास पूर्ण झाला. मागचा भाग छान आला. थोरली बघायला आली, हात लावून म्हणाली, "माझी पाठ एवढी मोठी?" मी म्हटलं, "होती. आता कमी करताय ना." तिला ते लागलं का कळलं नाही. हसली तर खरी.

रविवार, १६ मार्च

परत उतरलं. आता गेल्या खेपेपेक्षाही जास्त.

मला खोटं बोलवत नाही, म्हणून लिहूनच टाकते: मला राग आला. ही बाई फेऱ्या मारत नाही, दोन घास जास्तच खाते, गेल्या आठवड्यात डब्यात राहिलेला शिरा हिने संपवला, आणि काटा हिच्यावर प्रसन्न! आणि मी? न चुकता, न थकता, रोज कात्री आणि खडू. तरी बाही खांद्याला बसत नाही. कष्ट एकीचे आणि फळ दुसरीला. हेच आयुष्यभर बघत आले आहे कारखान्यात, आता घरातही बघायचं.

त्यात गुरुवारी काय झालं. मी आत कापत होते. जळका वास आला. बाहेर येऊन बघते तर पातेलं कोळसा झालेलं आणि थोरली स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेली. झोपलेली! दिवसभर काचेच्या खोलीत बसून या बाईला झोप कशी येते? माझा तास मोडला, पातेलं मीच घासलं, स्वयंपाक मीच केला. थोरली पाठी पाठी फिरत होती. "चुकलं गं माझं. उद्यापासून नाही." मी बोललेच नाही तिच्याशी.

दुसऱ्या दिवशी तिची मापं परत घ्यायला गेले. वजन उतरलंय म्हणजे कमरेत फरक पडला असणार. तर म्हणे, "नंतर घे, थंडी वाजते मला." आणि स्वेटरची बटणं लावून बसली. मार्चमध्ये स्वेटर! बरं, ठीक आहे. चालून उतरलेलं वजन पोटावरून आणि कमरेवरून जातं, हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं कपडे सैल-घट्ट करते आहे. कमरेत दोन इंच कमी धरीन. मला काही तिच्या पाया पडायची गरज नाही.

बुधवार, १९ मार्च

आज लाजेने मान खाली गेली. बाजारात थोरलीचा मुकादम भेटला. त्याची बायको माझ्याकडून कपडे शिवून घेते, म्हणून तोंडओळख. म्हणाला, "तुमच्या जाऊबाईंना जरा समजवा. सारख्या खिडकी सोडून जातात. फाटकाशी गाड्या उभ्या, लोक भोंगे वाजवतात, आणि या गायब. पावत्यांवरचे नंबरही परवा चुकीचे लिहिले."

मी घरी आल्या आल्या विचारलं, "कुठे जाता खिडकी सोडून?"

"मोरीत," म्हणाली.

"सारखं?"

"वय झालं गं आता," असं म्हणून हसायला लागली.

हसतेय काय! त्या वाहनतळाला लागून खाऊचं दुकान आहे, मला माहीत नाही का? चिवडे, गोळ्या, केक, काय वाट्टेल ते मिळतं. आणि हिशोब द्यायचा मला! मी म्हटलं, "ताई, आपलं काय ठरलं होतं? मी तुमच्यावर लक्ष ठेवायचं. तुम्ही मला फसवता म्हणजे स्वतःला फसवता." व्याख्यानाच्या बाईंचंच वाक्य होतं, पण बरोबर बसलं.

तिने मान हलवली. मग म्हणाली, "सात वाजत आले. जा, तुझा तास."

आज मुंढा जमला! पहिल्यांदा. आनंदाने ओरडले तर थोरली धावत आली. धावत म्हणजे काय, भिंतीला हात लावत लावत आली. कागदी जाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. डोळे बारीक करून बघत होती. "दिसत नाही गं नीट," म्हणाली, "पण तू म्हणतेस तर जमलंच असेल." एवढं मोठं जाकीट आणि दिसत नाही म्हणे. मला वाटतं अजून पातेल्यावरून रुसली आहे.

रविवार, २३ मार्च

चोर सापडला!

सकाळी थोरलीला काट्यावर चढवताना तिच्या दंडाला धरलं. चक्कर येते म्हणून मला टेकली होती. तिचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं, आणि वास! पिकून पिकून उतरलेल्या फळांचा असतो तसला गोड वास. फळं! चोरून फळं खाते! आणि काटा परत खालीच. देवाघरी न्याय आहे की नाही?

आज मी ऐकून घेतलं नाही. यांच्यादेखत विचारलं. "खरं सांगा, फळं खाल्लीत की नाही सकाळी?"

"नाही गं."

"ताई, मला वास येतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आतल्या दाराकडे बघितलं, जिथे माझे कागद पसरलेत. मग म्हणाली, "हो. खाल्लं एक. चुकलं."

बघा! कबूल केलं! मला वाटलंच होतं. आता कसं हलकं वाटतंय. माणसाने सरळ कबूल करावं, प्रश्न मिटतो. मी पण लगेच सोडून दिलं. म्हटलं, "पुन्हा नाही करायचं." ती म्हणाली, "नाही करणार," आणि दोन तांबे पाणी प्यायली.

हे मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी फार उतरल्या नाही का गं? डॉक्टरला दाखवायचं का?" यांना आज जाग आली! डॉक्टरनेच तर वजन उतरवायला सांगितलंय, आता डॉक्टरला काय दाखवायचं, काटा? मी म्हटलं, "परीक्षा होऊ दे, मग बघू."

शुक्रवार, २८ मार्च

उद्या. आज कात्री धरली नाही. कापून कापून जाकीट पाठ झालंय. डोळे मिटून कापीन. छाती, खांदा, बाही, गळा, सगळं बोटांवर आहे. कमरेत दोन इंच कमी.

थोरलीला दुपारी उलटी झाली. कामावरून लवकर आली आणि आडवी झाली. अरबट-चरबट खाल्लं असणार, दुसरं काय. मला धसका बसला, उद्या येणार नाही की काय! सगळं मुसळ केरात! पलंगाशी जाऊन म्हटलं, "ताई, डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?"

"उद्याचं होऊ दे," म्हणाली. "येईन मी. तू काळजी करू नकोस."

श्वास जोरात चालला होता, जिना चढून आल्यासारखा. मी म्हटलं, "नक्की ना?" म्हणाली, "अगं, जाकीट घालायचंय, डोंगर चढायचा नाही."

खरंच की. मी पांघरूण नीट केलं आणि उद्याची कात्री पुसायला गेले.

रविवार, ३० मार्च

काल लिहिलं नाही. आज दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे, कारण हातांना काहीतरी काम हवं.

सकाळी कापलं. मास्तर शेजारी उभे होते. माझ्याबरोबर परीक्षेला काजं करणारी बाई होती, तिने नवरा आणला होता, सुतळीसारखा सरळ माणूस. दुपारी माझं जाकीट पुरं झालं. टेबलावर ठेवलं तेव्हा मास्तर म्हणाले, "शिलाई सुंदर आहे."

थोरली आली. पहिल्या मजल्यावर चढून यायला तिला किती वेळ लागला. जिन्यात थांबत थांबत, यांचा हात धरून. ओठ कोरडे, श्वास भात्यासारखा. मी म्हटलं, "उशीर केलात!" आणि स्वेटर काढून जाकीट चढवलं.

बसलं नाही. बसलं नाही म्हणजे काय, तिच्या अंगावर ते जाकीट लोंबायला लागलं. खांद्याची शिवण दंडावर आली. गळा मानेपासून इतका लांब की त्यात मूठ जाईल. कमर तेवढी बरोबर. काजंवाली फिस्सकन हसली. मास्तरांनी नुसती मान हलवली.

माझ्या डोक्यात आग गेली. सगळ्यांसमोर मी ओरडले. "मुद्दाम केलंत! मला माप घेऊ दिलं नाहीत! एक महिना मी उभी राहून राहून मेले आणि तुम्ही..." काय काय बोलले. सगळं शिवणखातं ऐकत होतं. थोरली उभीच होती. म्हणाली, "अगं, छान झालंय की. गरम आहे."

मग मी टेप ओढून घेतला. मास्तरांना दाखवायचं होतं की कापणं चुकलेलं नाही, ही बाईच चुकली आहे. जाकीट काढून टेप खांद्यावर टाकला. खांदा दीड इंच कमी. चुकलं म्हणून परत घेतलं. तेवढंच. दंडाला टेप गुंडाळला, तर दोन इंच कमी. कातडी नुसती सैल लोंबत होती. गळ्याशी हाडं बोटांना लागली. नुसती हाडं.

चालून कुणाच्या खांद्याची हाडं वर येत नाहीत. हे मला ठाऊक होतं. कुठल्याही शिवणाऱ्या बाईला ठाऊक असतं.

मी वर बघितलं तर तिची नजर माझ्यावर नव्हतीच. कुठेतरी लांब. "पाणी दे गं," म्हणाली, आणि माझ्या अंगावर कोसळली. मला तिचं वजन लागलंच नाही. लेकीला उचलते तसं धरलं मी तिला. तोंडाला तोच गोड वास. फळं कसली, दोन दिवस पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं तिच्या, हे म्हणाले.

दवाखान्यात बोटाला सुई टोचून साखर बघितली तर यंत्रात आकडाच येईना, इतकी जास्त. आत नेलं. दोन्ही हातांना नळ्या लावल्यात. मोठ्या भाऊजींना फोन झाला, ट्रक सोडून निघालेत.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण काय तोरा! बाहेर येऊन म्हणाल्या, "महिनाभर तरी असं चाललं असणार. सारखी तहान, सारखं बाथरूमला जाणं, वजन उतरणं, धूसर दिसणं, झोप. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी उसळले. अहो, लक्षात कसं नाही आलं? सगळं लक्षात आलं! पाणी लक्षात आलं, झोप लक्षात आली, मोरीत जाणं, वास, सगळं! तिच्यावर माझ्याएवढं लक्ष या जगात कुणी ठेवलं नसेल! इतकी ओरडले की हे मला धरून बाकावर घेऊन आले. मी बोलत होते त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

बुधवार, २ एप्रिल

थोरलीला मोठ्या खोलीत आणलं. पंधरा खाटा आहेत, तिची खिडकीशी. धोका टळला असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता रोज वेळेवर इंजेक्शन, वेळेवर जेवण, आयुष्यभर.

मोठे भाऊजी बाहेर चहा प्यायला गेले तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "तुम्हाला कळत नव्हतं का काही? अंगातून एवढं जाताना?"

म्हणाली, "कळत होतं ना. दुसऱ्या आठवड्यातच कळलं काहीतरी बिनसलंय. पण खरं सांगू? काटा खाली जाताना बरंही वाटत होतं. तू शाबास म्हणालीस तेव्हा तर फारच बरं वाटलं. आणि डॉक्टरकडे गेले असते तर त्यांनी ठेवून घेतलं असतं. मग संध्याकाळचं कुणी बघितलं असतं? तुझा तास गेला असता. म्हटलं, महिनाअखेरपर्यंत ओढू या."

"आणि फळं? फळं खाल्ली नव्हतीत ना?"

"नाही गं. पण तू सोडतच नव्हतीस. सात वाजत आले, तुझा तास जाईल असं वाटलं मला. सकाळ होती होय?"

मग माझा तोल गेला. "मूर्ख आहेस तू!" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला अरेतुरे केलं. "कुणी सांगितलं होतं तुला? मी मागितलं होतं का? तू मेली असतीस तर मी काय कापत बसले असते, तुझं कफन? टेबल गेलं चुलीत! खोटारडी! तुला जाब द्यायचा होता ना, मग दिला का नाहीस?" पंधराच्या पंधरा खाटांवरची माणसं उठून बसली. परिचारिका धावत आली, मला म्हणाली, बाहेर जा. मी म्हटलं, नाही जात जा.

थोरलीने माझा हात धरला. तिच्या हाताला काही वजनच नाही. मी ओरडायची थांबले तशी परिचारिका पण गेली.

ती डोळे मिटून पडली. मला वाटलं झोपली. मग तिने एकदम विचारलं, "परीक्षेचं काय झालं गं?"

सोमवारीच निकाल लागला. काजंवाली कालपासून मास्तरांच्या टेबलाशी उभी राहते आहे. मास्तर मला म्हणाले, "वाईट वाटतं, पण नियम तो नियम. पहिल्या खेपेला बसलं पाहिजे." तिथे मला जो संताप आला तो लिहायला या डायरीची पानं पुरायची नाहीत. नवा कटिंग मास्तर लागायची वेळ परत कधी येणार, कोण जाणे. माझ्या हयातीत यायची नाही.

थोरली माझ्याकडे बघत होती. डोळे बारीक न करता, नीट बघत होती.

मी म्हटलं, "झाली की परीक्षा. मिळालं टेबल. कालपासून उभी राहते आहे मी."

इतकी हसली ती. तोंडभर. "बघ," म्हणाली, "सांगितलं होतं ना मी, होईल," आणि खरोखरच झोपली.

धडधडीत खोटं बोलले. तिच्या तोंडावर. ती महिनाभर बोलली, मी एकदा बोलले. बरी होऊन घरी आली की कळेलच तिला, मग आकाशपाताळ एक करील. करू दे. आधी घरी तर येऊ दे.